दुसरीकडची ऑफर हातात असताना : पगार जुळवून मागण्याचा एक पाठ



बारावीच्या युवकभारतीत उपयोजित मराठीचा भाग आहे. मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख. त्याआधी शाळेत मुलांनी मागणीपत्र, विनंतीपत्र, तक्रारपत्र हे सगळं घोकलेलं असतं. नोकरीसाठी अर्ज कसा करावा हेही आपण शिकवतो. पण नोकरी लागून चार वर्षं झाली, दुसऱ्या कंपनीने जास्त पगार देऊ केला आणि मनातून इथेच राहायचं आहे, तर साहेबांपुढे बसून काय बोलायचं? हे कुठल्याच इयत्तेत येत नाही. घरीही शिकवलं जात नाही. घरी दोनच सल्ले मिळतात. एक, "गपचूप राजीनामा दे आणि जा." दुसरा, "आहे ती नोकरी सांभाळ, असलं काही बोलू नकोस, पोटावर पाय येईल."

दोन्ही सल्ले प्रेमापोटीच दिलेले असतात. पण दोन्हींमध्ये बोलणं टाळलेलं आहे. आजचा पाठ त्या टाळलेल्या बोलण्याचा आहे. अकरावी-बारावी, पदवीचे वर्ग किंवा घरातली नुकती कमावती झालेली मुलं, यांच्यासोबत बसून करण्यासारखा आहे. वही आणि कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, कारण भाषेआधी हिशेब आहे.

उदाहरण

माझ्या एका माजी विद्यार्थिनीचं उदाहरण घेते. आकडे गोल केले आहेत, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. मुलगी चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनियर. नोकरीला चार वर्षं तीन महिने झालेले. सीटीसी ६ लाख. रांजणगावच्या एका कंपनीने तिला ७.५ लाख देऊ केले. घरात आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, तेही पिंपरीला. वडील निवृत्त.

दीड लाखाचा फरक म्हणजे महिन्याला साडेबारा हजार, असं घरातल्या सगळ्यांनी धरलं होतं. वर्गात हा प्रश्न टाकला तर मुलंही हेच उत्तर देतात. इथेच पाठ सुरू होतो.

सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा वर्षाचा एकूण खर्च. त्यातले सगळे पैसे हातात येत नाहीत. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतला वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, कधी विम्याचा हप्ता, कधी "व्हेरिएबल" म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम, हे सगळं त्या एका आकड्यात कोंबलेलं असतं.

आता जुनी नोकरी मांडू. मूळ पगार महिना २५,०००, वर्षाचे ३ लाख. कंपनीचा पीएफ १२ टक्के, म्हणजे ३६,०००. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ पगाराच्या ४.८१ टक्के धरतात, ती १४,४३०. उरलेले २,४९,५७० भत्ते. म्हणजे मूळ पगार आणि भत्ते मिळून ५,४९,५७०. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ ३६,००० आणि व्यवसाय कर २,५०० वजा. या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत प्राप्तिकर लागत नाही. हातात येतात महिन्याला सुमारे ४२,६००.

नवी नोकरी. मूळ पगार ३१,२५०, वर्षाचे ३,७५,०००. कंपनीचा पीएफ ४५,०००. ग्रॅच्युइटी १८,०३८. व्हेरिएबल ७५,०००, जो वर्षाअखेरी मिळेल, मिळाला तर. गटविम्याचा हप्ता १५,०००, तोही सीटीसीतच मोजलेला. उरले २,२१,९६२ भत्ते. मूळ आणि भत्ते मिळून ५,९६,९६२. वजा पीएफ ४५,०००, वजा व्यवसाय कर. हातात महिन्याला सुमारे ४५,८००.

म्हणजे फरक साडेबारा हजारांचा नाही, ३,२०० चा. पीएफमध्ये दोन्ही वाटे मिळून महिन्याला आणखी १,५०० जातील, ते तिचेच आहेत, हे प्रामाणिकपणे मोजायचं. पण सध्या कंपनीची बस दारातून नेते. चाकणहून शिक्रापूरमार्गे रांजणगावला स्वतःच्या खर्चाने रोज जायचं म्हटलं की त्या ३,२०० मधलं फार काही उरत नाही.

जे पगारपत्रकात दिसत नाही

हिशेब एवढ्यावर थांबला असता तर ही नुसती टक्केवारीची उदाहरणं झाली असती. खरा मुद्दा पुढे आहे.

तिला मी दोन्हीकडच्या विम्याचे कागद मागायला सांगितले. सध्याच्या कंपनीच्या गटविम्यात आईवडील होते. नव्या कंपनीच्या विम्यात स्वतः, जोडीदार आणि मुलं. आईवडील नाहीत. जिच्या आईचं डायलिसिस चालू आहे तिच्यासाठी सगळ्यात मोठी रक्कम हीच, आणि ती कुठल्याच ऑफर लेटरच्या पहिल्या पानावर नव्हती. आधीपासून किडनीचा आजार असलेल्या व्यक्तीसाठी बाहेरून नवा विमा काढायला गेलात तर काय उत्तरं मिळतात, हे ज्या घरांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

दुसरं, पाळी. इथे जनरल शिफ्ट, तिथे तीन पाळ्यांमध्ये आलटून पालटून काम.

तिसरं, ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ती मिळते. सूत्र सोपं आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. तिच्या बाबतीत २५,००० × १५ ÷ २६ × ५ = सुमारे ७२,१००. नऊ महिने आधी सोडलं तर ही रक्कम धोक्यात. (चार वर्षं २४० दिवस झाले की पाच वर्षं धरावीत, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय आहे. पण त्याच्या भरवशावर घरचा हिशेब मांडू नये. आणि हिची तर तेवढीही भरलेली नव्हती.)

मग प्रश्न असा येतो, की राहणंच फायद्याचं असेल तर साहेबांशी बोलायचं कशाला? गप्प बसावं की! माझं मत उलट आहे. तुमच्या कामाला बाहेर काय भाव आहे हे या ऑफरने दाखवून दिलं. चार वर्षांत ही मुलगी ऑडिटची तयारी एकटीने सांभाळायला लागली होती, ग्राहक कंपन्यांच्या तक्रारींची उत्तरं तीच लिहीत होती, आणि पद मात्र रुजू झाली त्या दिवशीचंच होतं. राहायचं असेल तरी आहे त्याच पगारावर राहायचं असा काही नियम नाही. फक्त एक पथ्य: जे आपण करू शकत नाही त्याची धमकी द्यायची नाही. तिला सोडून जाणं जमणार नव्हतं. मग "नाहीतर मी जाते" हे वाक्य तिच्या तोंडी येताच कामा नये. समोरचा "बरं, जा" म्हणाला तर?

'मागणं' या शब्दाबद्दल थोडंसं

भाषेची शिक्षिका आहे म्हणून इथे जरा रेंगाळते. आपल्याकडे 'मागणं' हे एकच क्रियापद भिकेलाही आहे, उसन्या साखरेलाही आणि हक्कालाही. मुलीला 'मागणी' येते, बाजारात मालाला 'मागणी' असते आणि संप करणाऱ्यांच्या 'मागण्या' असतात. त्यामुळे पगार मागणं म्हटलं की मुलांच्या मनात एकतर लाचारी येते, नाहीतर घोषणा. तिसरा सूर सापडतच नाही. "रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही" असं आपण म्हणतो खरं, पण ऑफिसात रडून चालत नाही.

वर्गात मी मुलांना एक काम देते. "पगार वाढवा" हे न म्हणता तेच सांगणारी पाच वाक्यं लिहा. गंमत म्हणजे चांगली वाक्यं बहुतेक वेळा प्रश्नार्थी निघतात. "यात काही जुळवता येईल का?" "माझ्या सध्याच्या कामाप्रमाणे पद कोणतं बसतं?" "एप्रिलच्या वाढीत हे धरता येईल का?" 'जुळवणं' हा शब्द मला आवडतो. लग्नं जुळतात, सूर जुळतात, हिशेब जुळतो. त्यात दोन बाजू आहेत.

बोलण्याआधी

ऑफर कागदावर हवी. फोनवर एचआरवाली व्यक्ती "हो हो, देऊ आपण" म्हणाली, ती ऑफर नव्हे. आणि नसलेली ऑफर तर कधीच सांगू नये. नैतिकतेचा मुद्दा आहेच, पण व्यवहारही तेच सांगतो: "पत्र दाखव" म्हटलं की खेळ संपला, आणि त्यानंतर तिथे काढलेला प्रत्येक दिवस अवघड.

नव्या कंपनीला होकार देण्याच्या आधी बोलायचं. आधी होकार देऊन, सही करून, रुजू होण्याची तारीख ठरवून मग जुन्या साहेबांकडे "तुम्ही किती देता" म्हणून जाणं मला पटत नाही. तिकडे कोणीतरी तुमच्या भरवशावर बाकीच्या उमेदवारांना नकार कळवलेला असतो. वेळ कमी पडत असेल तर नव्या कंपनीकडे आठवडाभर मुदत मागावी, ती बहुधा मिळते.

राजीनामा आधी टाकायचा नाही. राजीनामा हे पत्र आहे, बोलण्याचा डाव नव्हे. आणि नोटीस पिरियड आपल्या नेमणूक पत्रात किती आहे ते आधीच वाचून ठेवायचं. तीस, साठ, नव्वद दिवस, काहीही असू शकतं. बॉण्डवर सही केली असेल तर तेही. "बॉण्डला काही अर्थ नसतो" असं मुलं एकमेकांना बिनधास्त सांगतात. तसं सरसकट नाही. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये किमान तीन वर्षं नोकरीची आणि आधी सोडल्यास २ लाख भरण्याची अट वैध ठरवली.

आधी कोणाशी बोलायचं? थेट वरिष्ठांशी. एचआरकडे आधी गेलात तर साहेबांना ते तिसऱ्याकडून कळतं, आणि तुमच्यासाठी शब्द टाकणारा एकमेव माणूस दुखावतो.

संवाद

हा संवाद दोन मुलांकडून वाचून घ्या. तिसऱ्या मुलाने फक्त ऐकायचं आणि कर्मचाऱ्याने 'मला गरज आहे' किती वेळा म्हटलं आणि 'मी हे काम करते' किती वेळा, ते मोजायचं.

कर्मचारी : सर, दहा मिनिटं हवी होती. केबिनमध्ये बसून बोललं तर बरं.

साहेब : ये ना. काय झालं?

कर्मचारी : मला दुसऱ्या एका कंपनीकडून लेखी ऑफर आली आहे. मी अजून होकार दिलेला नाही. मला इथेच राहायला आवडेल, म्हणून आधी तुमच्याशी बोलायला आले.

साहेब : कोणती कंपनी?

कर्मचारी : नाव आत्ता नको, सर. काम हेच आहे, क्वालिटीचं.

साहेब : किती देतायत?

कर्मचारी : सीटीसी साडेसात लाख. पण त्यातला काही भाग व्हेरिएबल आहे, म्हणून मी तोच आकडा इथे मागत नाही. महिन्याच्या फिक्स पगारात चार हजारांची वाढ आणि सीनियरचं पद, एवढं जुळवता येईल का? गेल्या वर्षीच्या ऑडिटची सगळी तयारी मी केली. ग्राहकांच्या तक्रारींची उत्तरंही दीड वर्षं मीच देतेय. त्या कामाची यादी मी आणली आहे.

साहेब : अगं, एप्रिलशिवाय माझ्या हातात काही नसतं. आणि तुला दिलं की बाकीचे चौघे दारात उभे राहतील.

कर्मचारी : हो सर, ते लक्षात आहे. म्हणूनच पदासह विचारतेय, म्हणजे ते कामाच्या जबाबदारीवर बसेल. लागू एप्रिलपासून झालं तरी चालेल. तसं पत्र आत्ता मिळालं तर.

साहेब : आणि नाही जमलं तर?

कर्मचारी : मला त्यांना पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. तुमचं उत्तर गुरुवारपर्यंत कळलं तर मला नीट ठरवता येईल.

साहेबांचा तो शेवटचा प्रश्न हा सगळ्यात अवघड चेंडू. मुलं इथे अडखळतात. एकतर "मग मला जावं लागेल" म्हणतात किंवा "नाही नाही सर, तसं काही नाही" म्हणून सगळंच मागे घेतात. वरच्या उत्तरात धमकी नाही, माघारही नाही आणि खोटंही नाही. फक्त तारीख आहे.

आईचं आजारपण तिने काढलं नाही, हेही मुलांच्या लक्षात आणून द्या. काही पालक म्हणतात, सांगायला काय हरकत होती, साहेब माणूसच आहे ना? हरकत काहीच नाही, साहेबांना ते ठाऊकही असेल. पण पगार गरजेवर मागितला की उत्तरही दयेच्या पातळीवर येतं: आगाऊ रक्कम घे, रजा घे. कामावर मागितला तर कामाचं मोल ठरतं. आणि दुसरं असं, की आजारपण सांगितलं की ही कुठे जाणार नाही, हेही त्यात सांगून होतं.

साहेबांची बाजूही वर्गात मांडायलाच हवी, नाहीतर पाठ एकांगी होतो. त्यांच्याकडे पदागणिक पगाराच्या मर्यादा असतात, वर्षाचं ठरलेलं बजेट असतं. एकाला वाढवलं की त्याच कामाच्या दुसऱ्याला काय सांगायचं, हा खरा पेच आहे. पण नवा माणूस शोधणं, त्याला शिकवणं, तोवर ऑडिट सांभाळणं यालाही पैसे लागतात. म्हणून पैसे जमत नसतील तर दुसरं काय जमेल हे मनात तयार ठेवून जावं: पद, प्रशिक्षणाचा खर्च, पाळी, ठरलेल्या तारखेला फेरविचार.

बोलणं झालं की त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाकायचा. नमुना:

"महोदय, आज सकाळी आपण वेळ दिलात त्याबद्दल आभार. बोलल्याप्रमाणे माझी विनंती थोडक्यात अशी : फिक्स पगारात महिना ४,००० रुपयांची वाढ व सीनियर क्वालिटी इंजिनियर हे पद, १ एप्रिलपासून. माझ्या सध्याच्या कामाची यादी सोबत जोडली आहे. गुरुवारपर्यंत आपला निर्णय कळावा, ही विनंती."

इथे आपल्या औपचारिक पत्रलेखनाचा सगळा सराव कामी येतो. विषय, मुद्दा, विनंती. 'कळावे, लोभ असावा' मात्र नको.

तिला शेवटी तीन हजार वाढ आणि पद मिळालं. एप्रिलपासून, पण पत्र जानेवारीतच. पत्र येईपर्यंत तिने रांजणगावला नकार कळवला नव्हता, हे महत्त्वाचं. "देऊ, माझ्यावर विश्वास ठेव" यावर हातातली ऑफर सोडू नये. साहेबांची बदली झाली की तो विश्वासही त्यांच्यासोबत बदलीवर जातो. वाढ कुठल्या खात्यात आली हेही तिने पाहिलं: मूळ पगारात आली, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटीही त्याप्रमाणे वाढली. हातात मात्र त्यामुळे तीन हजारांपेक्षा थोडं कमी येतं, कारण तिचा पीएफही वाढतो. नकाराचं पत्र तिने नव्या कंपनीला स्वतः फोन करून मग पाठवलं. औद्योगिक पट्टा लहान असतो. आज ज्यांना नाही म्हटलं ते पाच वर्षांनी पुन्हा समोर येतात.

आपण शिक्षकांचं काय?

हा प्रश्न स्टाफरूममध्ये येणारच. अनुदानित पदावर असाल तर पगार शासनाच्या वेतनश्रेणीने ठरतो, तिथे संस्थेला जुळवून द्यायला काही नसतं. विनाअनुदानित शाळांत आणि क्लासेसमध्ये मात्र हे रोज घडतंय. गणित-विज्ञानाच्या शिक्षकाला क्लासवाले जास्त देऊ करतात आणि सत्राच्या मध्यात तो जातो. त्याला दोष देणाऱ्या संस्थाचालकांनी आधी विचारावं, की त्याला आपल्याकडे बोलायला जागा होती का.

शाळेकडे रोख कमी असेल, पण इतर गोष्टी असतात. सुट्टीतल्या महिन्यांचा पगार, आठवड्याच्या तासिका, विभागप्रमुखाचा भत्ता, स्वतःच्या मुलाची फी. हे सगळं मागण्याजोगं आहे. ग्रॅच्युइटी शिक्षकांनाही मिळते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत असं म्हटलं होतं. त्यानंतर २००९ मध्ये दुरुस्ती झाली, ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. खासगी शाळांतल्या कितीतरी शिक्षकांना आजही "आपल्याला नसते" असंच वाटतं, आणि ते सोडून जाताना मागतही नाहीत.

जायचंच ठरलं तर महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे कायम शिक्षकाला तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याला एक महिन्याची नोटीस लागते. राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख. एक प्रत नोंदणी करून टपालाने संस्थेला, दुसरी आपल्याजवळ. कोणी बसवून कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नये.

स्वाध्याय

१. पुढील माहितीवरून दोन्ही नोकऱ्यांत दरमहा हातात येणारी रक्कम काढा. 'अ' नोकरी : सीटीसी ४,८०,०००, मूळ पगार महिना २०,०००, व्हेरिएबल नाही. 'ब' नोकरी : सीटीसी ५,७६,०००, मूळ पगार महिना २४,०००, व्हेरिएबल ६०,०००, विम्याचा हप्ता १२,००० सीटीसीत धरलेला. दोन्हीकडे पीएफ १२ टक्के, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, व्यवसाय कर वर्षाला २,५००.

२. 'ब' नोकरी नाशिकहून पुण्याला जाऊन करायची आहे. खोलीभाडे, खानावळ आणि महिन्यातून दोनदा घरी येण्याचा खर्च घरच्यांना विचारून मांडा. मग 'अ' मध्ये किती वाढ मिळाली तर दोन्ही सारख्या होतील ते सांगा.

३. वरच्या संवादात साहेबांनी "आत्ताच राजीनामा दे मग" असं म्हटलं, असं समजून पुढची चार वाक्यं लिहा. कर्मचाऱ्याने खोटं बोलायचं नाही आणि माफीही मागायची नाही.

४. पालकांसाठी : आपलं नेमणूक पत्र शोधून काढा आणि मुलासमोर त्यातली नोटीस, विमा आणि ग्रॅच्युइटीची कलमं मोठ्याने वाचा. सापडलं नाही तर एचआरकडे किंवा शाळेच्या कार्यालयात प्रत मागणारं पत्र मुलाकडून लिहून घ्या.